जुना ड्रायव्हर, नवे कर्नेल : साठवण-साधनाच्या ड्रायव्हरचे मॉड्यूल करताना

संगणकावर साठवलेला जुना मजकूर आज वाचता येत नसेल तर त्याची तीन कारणे संभवतात. ज्या वस्तूवर तो साठवला ती वस्तूच खराब झालेली असते. किंवा मजकूर ज्या संकेतपद्धतीत लिहिला ती आजचा संगणक ओळखत नाही. किंवा वस्तू शाबूत असते, संकेतही माहीत असतो, पण त्या वस्तूशी बोलणारा प्रोग्राम आजच्या संगणकात उरलेला नसतो. पहिल्या दोन कारणांची चर्चा भाषाप्रेमींमध्ये अधूनमधून होते. तिसऱ्याकडे सहसा लक्ष जात नाही, कारण ते संगणकाच्या अगदी आतल्या भागात घडते.

वस्तूशी बोलणाऱ्या या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. एका जुन्या साठवण-साधनाचा ड्रायव्हर आजच्या लिनक्समध्ये गरजेपुरता आत घ्यावा आणि काम झाले की बाहेर काढावा, अशा रूपात कसा आणता येतो, हे या लेखात सांगायचे आहे. अशा ये-जा करणाऱ्या भागाला लोडेबल मॉड्यूल, किंवा नुसते मॉड्यूल म्हणतात.

प्रश्न कुठून आला

मी आदिलाबाद शहराला लागून असलेल्या मावल्यात राहतो आणि संगणक शिकवतो. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, नंतर आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि दखनी एकाच दुकानासमोर ऐकू येतात. इथली मराठी पुण्याच्या पुस्तकातली नाही आणि पुरती वऱ्हाडीही नाही. ती बोलणारे पुष्कळ, लिहून ठेवणारे थोडे.

अशा थोड्यांपैकी एका निवृत्त शिक्षकांनी १९९०च्या दशकात सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत फिरून शब्द टिपले होते. शब्द, अर्थ आणि ज्या गावी ऐकला त्या गावाचे नाव, अशी ती यादी होती. एका डीटीपी चालकाने ती संगणकावर उतरवली आणि तिची प्रत तीन टेपांवर घेतली. मूळ चिठ्ठ्या राहिल्या नाहीत, तो संगणकही भंगारात गेला. गुरुजींच्या पश्चात घरच्यांनी तळहातावर मावणाऱ्या त्या तीन टेपा माझ्याकडे दिल्या. त्या क्यूआयसी-८० प्रकारच्या होत्या.

क्यूआयसी-८० टेप आणि तिचा ड्रायव्हर

पाव इंच रुंदीच्या चुंबकीय टेपेचे हे काडतूस १९९०च्या दशकात घरगुती आणि छोट्या कार्यालयांच्या संगणकांत बॅकअपसाठी वापरले जाई. टेपेवर शेजारी-शेजारी २८ पट्टे असतात. टेप एका पट्ट्यावरून टोकापर्यंत जाते, मग पुढच्या पट्ट्यावरून उलटी येते. शेतात तास घालताना बैल बांधावरून वळतात तसे. टेपेच्या लांबीनुसार एका काडतुसात ८० किंवा १२० मेगाबाइट मावत. जाहिरातीतला २५० हा आकडा, मजकूर दाबून निम्मा होईल असे गृहीत धरून दिलेला असे.

या टेपा स्वस्त पडत, त्याचे कारण त्यांच्या जोडणीत आहे. टेपेच्या ड्राइव्हसाठी वेगळे कार्ड लागत नसे. तो फ्लॉपीच्या केबललाच जोडला जाई आणि फ्लॉपीचा कंट्रोलर त्याचे काम करी. पण त्या कंट्रोलरला टेप म्हणजे काय हे ठाऊक नाही. 'पुढे चल', 'रिवाइंड कर' अशा आज्ञाच त्याच्याकडे नाहीत. यावर क्यूआयसी-११७ या मानकाने एक युक्ती काढली. फ्लॉपीचे वाचक-डोके एक पाऊल सरकवण्यासाठी कंट्रोलर जो ठोका पाठवतो, तो टेपेच्या ड्राइव्हने मोजायचा. इतके ठोके म्हणजे ही आज्ञा, तितके ठोके म्हणजे ती. उत्तर द्यायचे तर फ्लॉपीचे डोके शून्याव्या पट्ट्यावर आहे की नाही हे सांगणाऱ्या तारेवर एकेक बिट हो-नाहीत सांगायचा. भिंतीपलीकडच्या माणसाशी ठोके वाजवून बोलावे, तसा हा संवाद आहे.

लिनक्समध्ये हा संवाद करणारा ड्रायव्हर म्हणजे एफटेप. तो बास लारहोवेन यांनी लिहिला. कर्नेलमध्ये मॉड्यूल घालणारे 'इन्समॉड' नावाचे साधन आहे, त्याची लिनक्स आवृत्तीही त्यांचीच. म्हणजे या ड्रायव्हरचे आणि मॉड्यूल या कल्पनेचे नाते लिनक्सच्या बालपणापासूनचे आहे. पुढे टेपा मागे पडल्या, एफटेपची देखभाल करणारे उरले नाही. एकाहून जास्त प्रोसेसर असलेल्या यंत्रावर तो नीट चालत नाही अशी नोंद त्याच्या नावापुढे लागली, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या २.६.२० या आवृत्तीतून तो वगळला गेला. त्यात कोणाचा दोष नाही. ज्याची काळजी घेणारे कोणी नाही असा कोड कर्नेलमध्ये ठेवला, तर इतरांना प्रत्येक बदलात त्याला सांभाळून घ्यावे लागते.

सालदार आणि रोजंदार

कर्नेल म्हणजे संगणकाच्या व्यवस्थेचा गाभा. स्मृती कोणाला किती द्यायची, प्रोसेसर कोणी कधी वापरायचा, डिस्क, कळफलक, पडदा यांच्याशी कसे बोलायचे, हे सगळे तो ठरवतो. ड्रायव्हर त्याच्या हाताखाली काम करतात, आणि कामावर येण्याचे त्यांचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग कर्नेलमध्येच बांधले जाण्याचा. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे सालदाराच्या उदाहरणाने लगेच कळते. सालदार, म्हणजे कोणी सालगडी म्हणतात तो, पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत राहतो. त्याची अवजारे वाड्यात पडलेली असतात, कोणती कुठे ठेवली हे त्यालाच माहीत. रोज संध्याकाळी त्याने हिशेब द्यावा असे कोणी म्हणत नाही. कर्नेलमध्ये बांधलेला ड्रायव्हर संगणक सुरू होताना कामावर येतो आणि संगणक बंद होईपर्यंत जात नाही. त्याने घेतलेली स्मृती, अडवलेले पोर्ट परत करण्याची वेळच येत नाही. वीज गेली की सगळेच सुटते.

दुसरा मार्ग रोजंदाराचा. निंदणीला बाई येते, खुरपे घेते, संध्याकाळी खुरपे परत करून मजुरी घेऊन जाते. मॉड्यूल तसे आहे. ते चालत्या कर्नेलमध्ये येते, लागेल ते मागून घेते, आणि जाताना प्रत्येक गोष्ट परत करते.

जुन्या ड्रायव्हरचे मॉड्यूल करण्याचे सार यातच आहे. येणे शिकवायला वेळ लागत नाही. सगळी मेहनत त्याला नीट जायला शिकवण्यात जाते. जुना कोड वाचताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा लागतो : इथे काय घेतले, आणि ते कुठे परत केले?

एफटेप मॉड्यूल म्हणून पूर्वीही उभारता येत असे, पण कर्नेलच्या मूळ संहितेत राहून आणि तेव्हाच्या करारानुसार. आता त्याला मूळ संहितेबाहेर राहायचे होते आणि करारही बदलला होता. त्यामुळे हिशेब पहिल्यापासून मांडावा लागला.

येणे, जाणे आणि अर्ध्यातून परतणे

मॉड्यूलमध्ये दोन फलने ठरवून द्यावी लागतात. एक आत येताना चालते, दुसरे बाहेर पडताना. आत येणारे फलन शेवटी कर्नेलला उत्तर देते. शून्य म्हणजे सर्व ठीक, ऋण संख्या म्हणजे अडचण आली.

या ऋण उत्तरामागे एक शिस्त आहे. एफटेपला येताना क्रमाने पाच गोष्टी मागाव्या लागतात. फ्लॉपी कंट्रोलरचे पोर्ट, ज्यांचा पत्ता सोळाच्या पायावर लिहिला तर ३एफ० पासून सुरू होतो. सहाव्या क्रमांकाचा इंटरप्ट. दुसऱ्या क्रमांकाचा डीएमए मार्ग. स्मृतीतले काही तुकडे. आणि टेपेसाठी उपकरण-क्रमांक. समजा पहिल्या तीन मिळाल्या आणि चौथी मिळाली नाही. मग नुसते 'जमले नाही' म्हणून परतता येत नाही. तिसरी, दुसरी, पहिली या उलट क्रमाने परत करूनच बाहेर पडावे लागते. जुन्या कोडमध्ये ही परतीची वाट बऱ्याच ठिकाणी अर्धवट असते, कारण मागणी नाकारली गेली तर संगणक पुन्हा सुरू करावा, असाच तेव्हाचा रिवाज होता.

हे न पाळल्याने काय होते, हे इंटरप्टच्या उदाहरणावरून समजेल. काम झाले की उपकरण प्रोसेसरला हाक मारते, ती हाक म्हणजे इंटरप्ट. ती आली की अमुक पत्त्यावरचा कोड चालव, असे ड्रायव्हरने कर्नेलला सांगून ठेवलेले असते. मॉड्यूल गेले, त्याची स्मृती दुसऱ्याला दिली गेली, पण हा निरोप मागे घेतला नाही असे समजा. पुढची हाक येताच प्रोसेसर त्या पत्त्यावर जातो आणि तिथे भलतेच काही असते. यंत्र जागच्या जागी कोसळते. टायमरचेही तसेच. 'दोन सेकंदांनी मला उठव' असे सांगून मॉड्यूल निघून गेले, तर दोन सेकंदांनी कर्नेल रिकाम्या घराचे दार वाजवते. म्हणून जाण्याच्या फलनात क्रम असा लागतो : आधी नवे काम घेणे बंद, मग टेप थांबवणे, मग टायमर रद्द, मग इंटरप्ट परत, मग डीएमए, स्मृती आणि शेवटी पोर्ट.

इथे एक स्थानिक भांडणही सोडवावे लागते. आजच्या लिनक्समध्ये फ्लॉपीचा स्वतःचा ड्रायव्हर असतो आणि त्यालाही हेच पोर्ट, हाच इंटरप्ट हवा असतो. दोघांना एकाच वेळी कंट्रोलर देता येत नाही. फ्लॉपीचा ड्रायव्हरही मॉड्यूलच असल्याने तो आधी काढायचा आणि मग टेपेचा घालायचा. दोघेही सालदार असते तर हा प्रश्न सुटलाच नसता.

कोणी आत असताना दार लावू नये

टेप वाचणे चालू असताना कोणी मॉड्यूल काढायला गेले तर कर्नेलने नकार दिला पाहिजे. त्यासाठी वापर मोजावा लागतो. जुन्या पद्धतीत ही मोजणी ड्रायव्हर स्वतः करी. उपकरण उघडले की तो आपला आकडा एकाने वाढवी, बंद केले की कमी करी.

यात एक बारीक फट होती. आकडा वाढवणारी ओळ मॉड्यूलच्या आतच होती. म्हणजे ती ओळ चालण्याआधी मॉड्यूलमध्ये पाऊल पडलेले असे, आणि नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर मॉड्यूल काढणे सुरू झाले तर आत शिरलेल्याच्या पायाखालची जमीन निघून जाई. एकच प्रोसेसर होता तेव्हा हे क्वचित घडे. आता मोजणी मॉड्यूलच्या बाहेर, कर्नेलकडे आहे. ड्रायव्हरने फक्त 'या कामांचा मालक मी' असे आपल्या कार्य-तक्त्यात लिहून ठेवायचे. म्हणून जुन्या ड्रायव्हरमधल्या आकडा वाढवण्या-घटवण्याच्या ओळी काढून टाकायच्या आणि मालकाची एक ओळ घालायची.

मीटरगेजचे डबे ब्रॉडगेजवर

आदिलाबादहून मुदखेडकडे जाणारी रेल्वे पूर्वी मीटरगेज होती, नंतर ब्रॉडगेज झाली. रुळांतले अंतर १००० मिलिमीटरचे १६७६ झाले. जुन्या डब्यात बसायच्या बाकांना काही झालेले नसते, पण खालची चाके बदलल्याशिवाय तो डबा नव्या रुळांवर चढत नाही. ड्रायव्हरचेही तसेच आहे. टेपेशी ठोक्यांनी बोलण्याचे त्याचे ज्ञान आजही अचूक आहे. बदलायची ती कर्नेलला टेकणारी चाके. ती मुख्यतः अशी :

पहिले चाक कुलपाचे. जुना कोड नाजूक कामाच्या आधी सगळे इंटरप्ट बंद करी आणि काम झाल्यावर चालू करी. सगळ्या प्रोसेसरांना एकदम गप्प करण्याची ही सोय कर्नेलने २.५ च्या काळात काढून टाकली. आता ज्या माहितीचे रक्षण करायचे तिच्यापुरते कुलूप, म्हणजे स्पिनलॉक, लावावे लागते. कोणती माहिती इंटरप्टमध्येही बदलते आणि बाहेरूनही, याची यादी काढल्याशिवाय हे कुलूप कुठे लावायचे ते कळत नाही.

दुसरे चाक झोपेचे. टेप हलायला वेळ लागतो, तोवर ड्रायव्हर झोपतो आणि इंटरप्ट त्याला उठवतो. जुना कोड आधी 'काम झाले का' असे बघे आणि मग झोपे. बघणे आणि झोपणे यांच्या मध्येच हाक येऊन गेली तर ती ऐकायला कोणी नसे, आणि मग ड्रायव्हर उठतच नसे. नव्या पद्धतीत अट आणि झोप एकत्र सांगायची : अमुक गोष्ट खरी होईपर्यंत, किंवा इतका वेळ जाईपर्यंत, झोप. मधली फट मग कर्नेल सांभाळते.

तिसरे चाक टायमरचे. त्याची मांडणी ४.१५ या आवृत्तीपासून बदलली आहे. चौथे, आज्ञा घेण्याच्या दाराचे. पूर्वी तिथे सगळ्या कर्नेलचे एक मोठे कुलूप आपोआप लागे. ते कुलूप २०११ मध्ये २.६.३९ या आवृत्तीत नाहीसे झाले, म्हणून ड्रायव्हरला स्वतःचे कुलूप आणावे लागते. पाचवे, पत्त्यांच्या रुंदीचे. जुन्या कोडमध्ये स्मृतीचा पत्ता ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवलेला आढळतो. ६४ बिटांच्या कर्नेलमध्ये त्याचा अर्धा भाग कापला जातो.

डीएमएच्या जुन्या अटी मात्र कायम आहेत, कारण त्या कंट्रोलरच्या आहेत. प्रोसेसरला मध्ये न घेता मजकूर थेट स्मृतीत उतरवायचा, तर ती जागा पहिल्या १६ मेगाबाइटमध्ये असली पाहिजे आणि तिने ६४ किलोबाइटची सीमा ओलांडता कामा नये. कर्नेलकडे स्मृती मागतानाच हे सांगावे लागते.

टेपेऐवजी डिस्कचा ड्रायव्हर असेल तर आणखी एक मोठे काम असते. टेप एका ओळीत वाचली जाते, डिस्कवर कुठूनही वाचता येते आणि मागण्यांची रांग लागते. त्या रांगेची नवी व्यवस्था २०१४ मध्ये ३.१३ आवृत्तीत आली, जुनी २०१९ मध्ये ५.० आवृत्तीत बंद झाली. जुन्या डिस्क-ड्रायव्हरचा तो भाग नव्याने लिहावाच लागतो.

उभारणी आणि चाचणी

मूळ संहितेबाहेर मॉड्यूल उभारण्यासाठी सगळे कर्नेल पुन्हा बांधावे लागत नाही. वापरात असलेल्या कर्नेलच्या हेडर फाइली आणि दोन-चार ओळींची मेकफाइल पुरते. डेबियन असो किंवा डेबियनवर आधारलेली सी-डॅकची बॉस प्रणाली असो, ही सोय सगळीकडे आहे. तयार झालेल्या फाइलीत ती कोणत्या कर्नेलसाठी बांधली याची खूण असते; ती जुळली नाही तर कर्नेल मॉड्यूल आत घेत नाही. परवान्याची ओळही लिहावी लागते. एफटेप मूळचा जीपीएल परवान्याखालचा, म्हणून तीच ओळ पुढे ठेवायची.

पोर्टचा पत्ता, इंटरप्टचा आणि डीएमएचा क्रमांक या गोष्टी पूर्वी कोडमध्येच कोरलेल्या असत. मॉड्यूलमध्ये त्या घालतेवेळी सांगता येतात. 'इन्समॉड'च्या पुढे आकडा लिहायचा, बस्स. आत घातले की 'एलएसमॉड'ने ते आले का पाहायचे, 'डीमेसेज'ने ते काय म्हणते ते वाचायचे, 'आरएममॉड'ने काढायचे. बदल, बांधणी, चाचणी यांचा एक फेरा दोन-तीन मिनिटांत होतो. हाच ड्रायव्हर कर्नेलमध्ये बांधलेला असता तर प्रत्येक फेऱ्याला संगणक पुन्हा सुरू करावा लागला असता.

या वेगाचा टेपेशी थेट संबंध आहे. टेप ठरावीक वेगाने पळते. ड्रायव्हरला मजकूर उचलायला उशीर झाला तर ती पुढे निघून जाते. मग थांबून, मागे येऊन पुन्हा धावावे लागते. बुटाला पॉलिश करणाऱ्या ब्रशासारखी ती मागे-पुढे घासत राहते. वीस-पंचवीस वर्षांच्या टेपेला असे घासणे परवडत नाही. त्यात काडतुसातला ताणाचा पट्टा सैल पडलेला असतो आणि ड्राइव्हमधले रबरी चाक चिकट झालेले असते. म्हणून गुरुजींची टेप घालण्याआधी सगळ्या चाचण्या दुसऱ्या, निरुपयोगी टेपेवर केल्या. मॉड्यूल घालायचे, टेप हलवायची, काढायचे, पुन्हा घालायचे. अनेक वेळा आत-बाहेर करूनही कर्नेलने एकही तक्रार नोंदवली नाही, तेव्हाच खरी टेप पुढे केली.

आणखी एक निर्णय आधीच घेतला होता. माझ्या मॉड्यूलमध्ये लिहिण्याचा भागच ठेवला नाही. काडतुसावर लिहिणे रोखणारी खिट्टी असते, ती लावलीच. पण ज्या ड्रायव्हरला लिहिता येत नाही त्याच्याकडून चुकूनही काही पुसले जाणार नाही. जपणुकीच्या कामात ड्रायव्हरला जितके कमी येईल तितके बरे.

टेपेची मांडणी करणाऱ्यांनी पुढचा विचार केला होता. एक-एक किलोबाइटचे ३२ ठोकळे मिळून एक खंड होतो. त्यांतले २९ मजकुराचे, उरलेले ३ दुरुस्तीचे. कोणते ठोकळे खराब आहेत हे कळले, तर तीनपर्यंत ठोकळे बाकीच्यांवरून गणिताने पुन्हा काढता येतात. दोन टेपा या आधारावर पूर्ण वाचल्या गेल्या. तिसरीच्या काही खंडांत तीनपेक्षा जास्त ठोकळे गेलेले होते. तेवढी जागा मोकळी ठेवून बाकीचे उतरवले. प्रत्येक टेप दोनदा वाचून दोन्ही प्रती ताडून पाहिल्या.

जुनेच लिनक्स का बसवू नये?

कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? जुन्या संगणकावर २.४ च्या काळातले लिनक्स बसवा, त्यात एफटेप आहेच. एका टेपेसाठी हा मार्ग चालेल. फ्लॉपी कंट्रोलर असलेला जुना संगणक तर दोन्ही मार्गांनी लागतोच. यूएसबीला जोडायची फ्लॉपी इथे उपयोगाची नाही, कारण ती कंट्रोलर आपल्या पोटात लपवून ठेवते. पण जुन्या प्रणालीत वाचलेला मजकूर बाहेर काढणे जड जाते. आजच्या डिस्का, आजचे जाळे, सुरक्षित देवाणघेवाणीच्या आजच्या पद्धती तिला ओळखीच्या नसतात. शिवाय ती प्रणाली बसवणारा माणूसही दिवसेंदिवस दुर्मिळ होतो. मॉड्यूल मात्र एखाद्या ग्रंथालयातला विद्यार्थी सूचना वाचून घालू शकतो. पुढच्या कर्नेलमध्ये काही बदलले तर एक-दोन चाके बदलावी लागतील, सगळा डबा नाही.

वाचल्यानंतरचे वाचन

टेपेवरून बिट उतरले म्हणजे मराठी हाती आली असे नाही. आधी बॅकअप-प्रोग्रामने दाबलेला मजकूर उलगडावा लागतो. मग अक्षरांचा प्रश्न येतो. सी-डॅकच्या कामातून रुळलेला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक झालेला इस्की संकेत असता तर काम हलके होते, कारण युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या रूपावरून घेतलेली आहे. पण डीटीपीत बहुधा अक्षरांचे तुकडे साठवलेले असत : काना वेगळा, अर्धा अक्षर-भाग वेगळा, रफार वेगळा. प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा. फॉन्ट नसताना फाइल उघडली की नुसती रोमन अक्षरांची भेळ दिसते. ती युनिकोडमध्ये आणताना मराठीपुरती एक जागा जपावी लागते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. 'आचार्यांना' दिलेले निमंत्रण 'आचाऱ्यांना' गेले तर पंगत बिघडेल. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला हा भेद शिकवला नाही तर शब्दसंग्रहातलेच शब्द बदलतात. आणि बोलीच्या संग्रहात चुकलेला शब्द ओळखायला कोणत्याही छापील कोशाचा आधार मिळत नाही.

शब्दांविषयी थोडे

या लेखात कर्नेल, ड्रायव्हर, मॉड्यूल, इंटरप्ट हे शब्द तसेच ठेवले आहेत. हे काम करणारे मराठी लोक आपसांत तेच वापरतात. पण क्रियापदे मात्र जाणीवपूर्वक आपली घेतली : घालणे, काढणे, मागणे, परत करणे, झोपणे, उठवणे. शिकवताना मला असे दिसले की नाम परके असले तरी विद्यार्थी अडत नाही, क्रियापद परके असले की अडतो. 'रिसोर्स रिलीज करणे' हे त्याच्या कानावरून जाते, 'घेतलेले परत करणे' हे लगेच समजते, आणि ते कोणत्या क्रमाने करायचे हेही तो स्वतःच सांगू लागतो. परिभाषा घडवताना नामांइतकाच क्रियापदांचा विचार झाला तर तांत्रिक मराठी अधिक बोलकी होईल.

संस्थांनी काय करावे

ज्या वाचनालयांकडे, मंडळांकडे, छापखान्यांकडे जुन्या फ्लॉप्या, टेपा, डिस्का पडून आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून थांबतो. साधन जुने झाले म्हणून ते वाचणारा ड्राइव्ह भंगारात देऊ नये. टेपेपेक्षा ड्राइव्ह लवकर दुर्मिळ होतो. फ्लॉपी कंट्रोलर असलेला एक तरी चालू संगणक जपून ठेवावा. टेप स्वतः घालून पाहू नये. काडतुसाचा पट्टा आणि ड्राइव्हचे रबर तपासल्यावरच ती फिरवावी. आणि टेपेच्या नोंदीत तिच्यावर काय आहे एवढेच न लिहिता ती कोणत्या ड्राइव्हने, कोणत्या ड्रायव्हरने, कोणत्या फॉन्टने वाचता येते हेही लिहावे, आणि त्या ड्रायव्हरची मूळ संहिता त्या नोंदीबरोबरच ठेवावी.

मुख्य कर्नेलमध्ये एफटेप परत यावा अशी मागणी करण्याची गरज नाही. लाखो संगणकांना न लागणारी गोष्ट सर्वांच्या वाड्यात कायम ठेवण्याचे कारण नाही. ज्या दिवशी एखादी टेप वाचायची असेल त्या दिवशी तो आत यावा, टेप वाचून द्यावी, घेतलेले सारे परत करावे आणि बाहेर जावे. एवढे नीट जमले, तर आदिलाबादच्या कोणा गुरुजींची शब्दयादी वाचायला पुढच्या पिढीला पुन्हा सुरुवातीपासून सुरुवात करावी लागणार नाही.